भाड्याने द्यायला पहिला फ्लॅट घेताय? आधी एरिया तपासा, तोही या क्रमाने (पुण्यापुरतं)

"हिंजवडीला घेऊ की खराडीला, वाघोली स्वस्त पडतंय तर तिकडे बघू का" हा प्रश्न सारखा येतो, आणि दहातल्या नऊ वेळा विचारणाऱ्याने सॅम्पल फ्लॅट आधीच बघितलेला असतो, तो मनात बसलेला असतो, आता फक्त एरिया चांगला आहे असं कुणीतरी म्हणावं एवढंच बाकी असतं. गडबड इथेच होते. स्वतः राहायला घर घेताना आधी घर आवडलं तरी चालतं. भाड्याने द्यायच्या घरात तुम्ही राहणारच नाही, त्यामुळे तुमची आवड तिथे शेवटी येते. आधी तुमचे पैसे, मग भाडेकरू, मग एरिया, मग खरं भाडं, मग गणित आणि बिल्डिंग सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं आपण स्वतःला पटवायला म्हणून करतो, तपासायला म्हणून नाही.

उदाहरणं पुण्याची घेतली आहेत कारण पहिली गुंतवणूक म्हणून नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, नगरकडची बरीच मंडळी पुण्यातच घेतात. पद्धत दुसऱ्या शहरालाही चालेल, नावं बदला.

## ० : घराबाहेर पडायच्या आधीची तयारी

हातात रोख किती आहे ते कागदावर लिहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, ७५ लाखांवर कर्ज गेलं की ७५ टक्के, आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन हे त्या किमतीत धरत नाहीत, ते वरून तुमच्याच खिशातून. पुण्यात स्टॅम्प ड्युटी मेट्रोचा सेस धरून ७ टक्के, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का कमी, रजिस्ट्रेशन १ टक्का पण ३० हजारांच्या वर नाही. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर ५ टक्के जीएसटी (४५ लाखांच्या आतल्या परवडणाऱ्या घरांना १ टक्का), भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण झालं, राहायला हरकत नाही असा सरकारी दाखला) मिळालेल्या घराला जीएसटी नाही.

म्हणजे ७० लाखांच्या फ्लॅटला १४ लाख डाउन पेमेंट म्हणून मोकळं होता येत नाही, किरकोळ फर्निचर, पंखे, गीझर, किचन ट्रॉली धरून २२ लाखांच्या आसपास रोख लागते. हे आधी कळलं की निम्मे एरिया आपोआप गळतात आणि ते चांगलंच आहे.

दुसरी गोष्ट, चावी कोण सांभाळणार? तुम्ही साताऱ्यात आणि फ्लॅट मोशीत असेल तर नळ गळाला, भाडेकरू बदलला, ॲग्रीमेंटला जायचंय, या सगळ्याला माणूस लागतो. परदेशात असाल तर अजून एक, मालक अनिवासी भारतीय असला की भाडेकरूला भाड्यातून सुमारे ३० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापून भरावा लागतो, आणि बरेच भाडेकरू त्या कटकटीला घाबरून दुसरा फ्लॅट बघतात. कंपन्या आपल्या माणसांसाठी भाड्याने घरं जिथे जास्त घेतात तो पट्टा अशांना सोपा जातो.

## १ : भाडेकरू कोण ते एका ओळीत लिहा

"आयटीवाले" हे उत्तर नाही. हिंजवडीत पहिली नोकरी लागलेली तीन मुलं मिळून २ बीएचके घेतात, त्यांना ऑफिस जवळ हवं, खानावळ हवी, बाइक लावायला जागा हवी, आणि वर्षभरात त्यातला एकजण तरी बदलतो. तेच आठ वर्षं अनुभव असलेलं जोडपं आणि एक मूल, त्यांना शाळेची बस दारात यायला हवी, लिफ्टला बॅकअप हवा, आणि एकदा शाळा लागली की ते सहसा लवकर हलत नाहीत. पहिल्यांना वाकडचं हिंजवडीकडचं टोक चालतं, दुसरे पिंपळे सौदागर किंवा बाणेर बघतात, थोडं जास्त भाडं देऊन. विमाननगर, आंबेगाव-नऱ्हे, ताथवडे इथे कॉलेजची मुलं, त्यांचा सीझन जून ते ऑगस्ट, तो चुकला की फ्लॅट बराच काळ रिकामा. चाकण, तळेगावच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारे इंजिनिअर मोशी, चिखली, तळेगाव बघतात, त्यांना मेट्रोशी फार घेणं नाही, कंपनीची बस कुठे थांबते त्याच्याशी आहे.

एक ओळ अशी हवी: "खराडीच्या ईऑन आयटी पार्कात कामाला जाणारं नवरा-बायको-एक मूल, दोघं कमावते, २ बीएचके, सेमी फर्निश्ड." एवढं नेमकं लिहिलं की कुठे बघायचं ते अर्धं ठरतं.

सावधान: एकाच आयटी पार्कवर जगणारा एरिया नको. २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, ऑफिसं घरून सुरू झाली, मुलं गावी गेली आणि हिंजवडी, खराडीच्या आसपासचे फ्लॅट रिकामे पडले, भाडी खाली आली. ज्या पट्ट्यात आयटीसोबत कॉलेज, हॉस्पिटल, कारखाने असा दुसरा आधार आहे तिथे मालकांचं जरा बरं चाललं. आधार किमान दोन हवेत.

चेक: तुमचा भाडेकरू बॅचलर असेल तर सोसायट्या बॅचलर घेतात का, हे आत्ताच त्या भागातल्या चार गेटवर विचारा. कायद्यात काय आहे ते वेगळं, कमिटीने रोज वॉचमनला सांगून मुलांना अडवलं तर मुलं दोन महिन्यांत सोडून जातात.

## २ : एरिया म्हणजे वाकड नाही, वाकडमधला तुकडा

वाकड हे एक ठिकाण नाहीच. कस्पटे वस्ती वेगळी, दत्त मंदिर रोड वेगळा, भूमकर चौकाच्या पलीकडचं वेगळं. मुंबई-बेंगळुरू हायवेच्या कुठल्या बाजूला घर आहे यावर भाडेकरूची रोजची सकाळ ठरते, कारण हायवे ओलांडायला पुनावळे, ताथवडे, भूमकर चौक असे मोजकेच अंडरपास आणि तिथे रोज गर्दी, पावसात पाणी. वाघोलीतही नगर रोडला लागून असलेली सोसायटी आणि केसनंद रोडने आत गेलेली सोसायटी यांचं भाडं सारखं नसतं, जाहिरातीत मात्र दोन्हींना "खराडीपासून दहा मिनिटं" असतं.

म्हणून तीन तुकडे निवडा, प्रत्येक साधारण एक किलोमीटरचा, आणि अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका. मंगळवारी सकाळी ९ वाजता तिथून तुमच्या भाडेकरूच्या ऑफिसच्या गेटपर्यंत किती मिनिटं लागतात ते लिहा. गेटपर्यंत, "हिंजवडी" पर्यंत नाही, फेज १ आणि फेज ३ यात केवढा फरक आहे ते तिथे जाणाऱ्याला विचारा.

आता होणार-होणार गोष्टींबद्दल. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, आणि तेव्हापासून त्या मार्गावरचा प्रत्येक ब्रोकर "मेट्रो आलीच" म्हणून फ्लॅट विकतोय. पुरंदर विमानतळाचं नाव २०१६ पासून घेतलं जातंय. हे प्रकल्प खोटे आहेत असं नाही, पण तुम्ही ईएमआय आज भरणार आणि भाडेकरू आजच्या रस्त्यावरून जाणार. माझा नियम कडक आहे: ज्यावर आज तिकीट काढून बसता येतं तेच धरायचं, बाकी सगळ्याचं भाडं शून्य. नकाशावरच्या डीपी रोडचंही (विकास आराखड्यात आखलेला रस्ता) तसंच, सेल्स ऑफिसमधल्या मॉडेलवर २४ मीटरचा रस्ता असतो आणि जागेवर मध्येच कुणाचा तरी ऊस उभा असतो, कारण भूसंपादन झालेलं नसतं.

## ३ : खरं भाडं काढा (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक नोब्रोकर, नाइंटीनाइन एकर्सवर २८ हजार बघतात आणि तेच गणितात घालतात. तो आकडा मालकाच्या मनातला आहे, मिळालेला नाही.

पहिलं, त्या तुकड्यातल्या दहा-पंधरा जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तीन आठवड्यांनी परत बघा. ज्या गेल्या त्या भाड्याच्या जवळपास खरा भाव, ज्या तिथेच आहेत तो खोटा. एखाद्याने मधेच दोन हजार उतरवले असतील तर ते तुमच्यासाठी सोनं आहे, लिहून ठेवा.

दुसरं, ज्या ब्रोकरने तुम्हाला फ्लॅट विकायचाय त्याला भाडं विचारू नका. फक्त भाड्याचं काम करणारे छोटे ब्रोकर प्रत्येक चौकात असतात, त्यांना सरळ सांगा की इथे घ्यायचा विचार चालू आहे, पुढे भाड्याला तुमच्याकडेच देऊ, आणि विचारा: या सोसायटीत सेमी फर्निश्ड २ बीएचके शेवटचा कितीला गेला, किती दिवसांत गेला, मेंटेनन्स त्यात धरून की वेगळा, डिपॉझिट किती. "मेंटेनन्स धरून" या दोन शब्दांत महिन्याला तीन-चार हजारांचा फरक आहे आणि बहुतेक लोक ते विचारतच नाहीत.

तिसरा मार्ग कमी लोक वापरतात, फुकट आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचं ॲग्रीमेंट, म्हणजे नेहमीचा भाडेकरार, ११ महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करणं भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने सक्तीचं आहे. त्यामुळे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर किंवा गट नंबर टाकला की त्या जागेवरचे नोंदलेले दस्त दिसतात, त्यांची सूची २ (दस्ताचा नोंदलेला सारांश, इंडेक्स टू) उघडली की मोबदला कळतो, विक्रीचाही आणि लिव्ह अँड लायसन्सचाही. सर्व्हे नंबर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टच्या पानावर मिळतो. साइट हळू चालते, कॅप्चा चुकतो, पण एकदा बसून काढा, बिल्डर ९५ लाख सांगतोय आणि शेजारचा फ्लॅट चार महिन्यांपूर्वी ८४ ला गेलाय अशा गोष्टी तिथेच कळतात.

चेक: तीनही मार्गांनी आलेले आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांत यायला हवेत. येत नसतील तर अजून माहिती काढा, सगळ्यात कमी आकडा गणितात घाला.

सावधान: "दोन वर्षं रेंटल गॅरंटी" देणारा बिल्डर ते भाडं बहुतेक वेळा तुमच्याच किमतीत आधी वाढवून बसलेला असतो. गॅरंटी संपल्यावर काय भाडं येईल तेच धरा.

## ४ : रिकामे किती आणि येणारे किती

आठवड्यातल्या मधल्या दिवशी रात्री साडेआठ-नऊला सोसायटीसमोर उभं राहून लाइट लागलेल्या खिडक्या मोजा. दिवाळी, मे महिना, लाँग वीकेंड टाळा, तेव्हा पुणं गावी गेलेलं असतं. ताबा देऊन दोन वर्षं झालेल्या सोसायटीत निम्म्या खिडक्या काळ्या असतील तर तिथे गुंतवणूकदार जास्त, राहणारे कमी, आणि ते सगळे तुमच्यासोबत एकाच भाडेकरूच्या मागे लागणार आहेत.

नंतर महारेराच्या साइटवर त्या गावाचे किंवा पिनकोडचे प्रोजेक्ट काढा, पूर्ण व्हायची तारीख पुढच्या दोन वर्षांत असलेले बाजूला लिहा आणि फ्लॅटची बेरीज करा. पुनावळे, रावेत, वाघोली, महाळुंगे अशा भागात ही बेरीज बघून डोळे उघडतात. एका वर्षात एक किलोमीटरात दोन-तीन हजार नवे फ्लॅट येणार असतील तर पुढची दोन वर्षं भाडं वाढेल असं धरू नका.

## ५ : चार वेळा जा, चार वेगळ्या वेळी

रविवारी दुपारी साइट व्हिजिटला बोलावतात कारण तेव्हा रस्ते मोकळे असतात. तुम्ही जा तेव्हा: कामाच्या दिवशी सकाळी ९, कामाच्या दिवशी संध्याकाळी ७, एप्रिल-मेमध्ये एकदा, आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर एकदा.

एप्रिल-मे कशासाठी तर पाण्यासाठी. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, पण महापालिकेत येणं आणि महापालिकेचं पाणी नळाला येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वाघोली, उंड्री अशा भागात बऱ्याच सोसायट्या टँकरवर चालतात, बाणेर-बालेवाडीसारख्या महाग भागातही उन्हाळ्यात टँकर बघायला मिळतात. सोसायटीच्या मॅनेजरला सरळ विचारा की मागच्या मे महिन्यात टँकरचं बिल किती आलं आणि ते मेंटेनन्समध्ये धरतात की वेगळं काढतात. नवीन प्रोजेक्ट असेल तर शेजारच्या चार वर्षं जुन्या सोसायटीत जाऊन विचारा, बिल्डर सांगेल त्यापेक्षा तिथली बाई जी रोज बादल्या भरते ती खरं सांगेल. हिंजवडी, माण, मारुंजी हा भाग तर पालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायत आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), कचरा कोण उचलतं तेही विचारा.

पाऊस कशासाठी ते पुणेकरांना सांगायला नको. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने कात्रजपासून सहकारनगरपर्यंत काय केलं, जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकता नगरीत काय झालं, सगळ्यांनी बघितलंय. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले (पुराचं पाणी येतं म्हणून जिथे बांधकामाला बंदी असते तो पट्टा) ३६ बंगले पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडले, लोकांनी आयुष्यभराची कमाई घातली होती त्यात. त्यामुळे नदी किंवा ओढा अर्ध्या किलोमीटरात असेल तर निळी आणि लाल (त्याहून मोठ्या पुराची) रेषा कुठून जाते ते पालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशावर स्वतः बघा. "रिव्हर व्ह्यू" लिहिलेल्या प्रोजेक्टला तर बघाच बघा.

फिरताना वॉचमन, इस्त्रीवाला, किराणा दुकानदार यांच्याशी बोला. एकच प्रश्न पुरतो: लोक इथून सोडून जातात ते कशामुळे? पाणी, ट्रॅफिक, वास, डास, विमानांचा आवाज, जे असेल ते दोन मिनिटांत बाहेर येतं.

## ६ : आता गणित, आधी नाही

आकडे उदाहरणापुरते. रिसेलचा २ बीएचके ७० लाख, भाडं २४ हजार मेंटेनन्स धरून.

लोक करतात ते गणित: २४ हजार गुणिले १२ म्हणजे २.८८ लाख, भागिले ७० लाख, ४.१ टक्के. छान वाटतं.

खरं गणित: खर्च ७० अधिक स्टॅम्प ड्युटी ४.९०, रजिस्ट्रेशन ०.३०, ब्रोकर ०.७०, फर्निचर २.५०, एकूण ७८.४० लाख. भाडं ११ महिन्यांचंच धरा, २.६४ लाख. त्यातून मेंटेनन्स ४२ हजार, प्रॉपर्टी टॅक्स १४ हजार, भाड्याची ब्रोकरेज दोन वर्षांनी एकदा म्हणून वर्षाला १२ हजार, रंग-दुरुस्ती १२ हजार, असे ८० हजार गेले. राहिले १.८४ लाख, म्हणजे २.३ टक्के.

५६ लाखांचं कर्ज, २० वर्षं, ८.५ टक्के धरलं तर ईएमआय ४८,६०० च्या आसपास. भाड्यातून हातात राहतात महिन्याला १५ हजार. म्हणजे दर महिन्याला तेहतीस हजार पगारातून घालायचेत. हा आकडा घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा.

प्रॉपर्टी टॅक्समध्ये एक गोष्ट सुटते. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत आहे, भाड्याने दिलेल्या घराला नाही. आधीचा मालक स्वतः राहत असेल तर त्याचं बिल बघून तुमचा टॅक्स धरू नका. मालक स्वतः राहत नसला की सोसायटी बिनभोगवटा शुल्कही लावते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांच्या वर लावता येत नाही.

चेक: तेच गणित दोन महिने रिकामं आणि भाडं १५ टक्के कमी धरून परत करा. खिशातून घालायची रक्कम आता अडतीस हजारांवर जाते. दोन वर्षं एवढं पेलत नसेल तर हा तुकडा बाद, किंवा बजेट खाली आणून १ बीएचके बघा. १ बीएचकेला बरेचजण नाक मुरडतात, पण किमतीच्या मानाने भाडं बऱ्याचदा त्यालाच बरं मिळतं.

## ७ : बिल्डिंग आणि कागद

तीन तुकड्यांतला एक उरला की मगच सोसायटी बघायची. पहिल्या गुंतवणुकीला मी भोगवटा प्रमाणपत्र असलेलं, लोक राहत असलेलं घरच सुचवेन, कारण भाडं पुढच्या महिन्यापासून सुरू होतं आणि पाणी, लिफ्ट, कमिटी सगळं आधी बघता येतं. बांधकाम चालू असेल तर ताबा मिळेपर्यंत ईएमआय आणि भाडं शून्य, हे वर्ष-दीड वर्ष गणितात घाला.

भोगवटा प्रमाणपत्र त्याच बिल्डिंगचं, त्याच मजल्यापर्यंतचं आहे का बघा. कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, सोसायटीची थकबाकी आहे का, पार्किंग कागदावर आहे की तोंडी, हे वकिलाकडून. वकील तुमचा, बिल्डरने दिलेला नाही.

## ८ : टोकन

टोकन देण्याआधी एका पानावर हे लिहिलेलं असायला हवं: भाडेकरूची ओळ, गेटपर्यंतची मिनिटं, सूची २ मधलं भाडं आणि विक्रीचा भाव, रात्रीच्या लाइटची मोजणी, मे महिन्यातलं पाणी, पूररेषा, आणि खिशातून घालायची महिन्याची रक्कम. एखादी जागा कोरी असेल तर टोकन नाही, "आज संध्याकाळपर्यंतच हा रेट" म्हणत असले तरी नाही.

टोकन चेकने किंवा ऑनलाइनच द्या आणि पावतीवर लिहून घ्या की कागदपत्रांत दोष निघाला किंवा बँकेने कर्ज नाकारलं तर पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत. ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा असतो, तो टोकनपासूनच हिशोबात ठेवा. आणि ताब्याची तारीख ठरवताना भाडेकरूचा सीझन बघा, कॉलेजच्या पट्ट्यात घर घेतलंय आणि चावी सप्टेंबरात मिळतेय तर तेवढ्यासाठी भाव खाली मागा.